शाळेचे एक वर्ष कागदावर: वार्षिकांक वर्षभर कसा घडवावा

माध्यमिक शाळेचा वार्षिकांक पुष्कळ ठिकाणी वर्ष सरत आल्यावर आठवतो. मग वर्गावर्गांत फिरून निबंध आणि कविता मागवल्या जातात, कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये उरलेली छायाचित्रे गोळा होतात, कार्यालयातून पारितोषिकांची यादी येते आणि अंक छापून होतो. अशा अंकात शाळा दिसते ती सोहळ्यांची आणि विजेत्यांची. वर्षभर एकदाही व्यासपीठावर न चढलेली मुलेमुली, मधल्या सुट्टीतला जिना, प्रयोगशाळेत दुसऱ्यांदा फसलेला आणि तिसऱ्यांदा जमलेला प्रयोग, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली ग्रंथालयातली गर्दी यांची नोंद त्यात नसते, कारण ती शेवटच्या महिन्यात करताच येत नाही. अंकाचे काम शाळा उघडते त्या आठवड्यात सुरू व्हावे आणि शाळेतला प्रत्येक विद्यार्थी त्यात कुठे ना कुठे सापडावा, या दोन गोष्टी मंडळाने आरंभीच मान्य केल्या, तर पुढचे बहुतेक निर्णय त्यांतून निघतात. पुढील मार्गदर्शन अंकाचे काम पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्यासोबतच्या शिक्षकांसाठी आहे.

मंडळ आणि पानांचा आराखडा

संपादक मंडळ लहान असावे, पण ते एकाच इयत्तेचे नसावे. वरच्या इयत्तेतले विद्यार्थी लिहिण्यात आणि मांडणीत सरावलेले असतात. तथापि खालच्या वर्गांत काय चालले आहे हे त्यांना कळत नाही, आणि वर्षाच्या उत्तरार्धात परीक्षांमुळे त्यांचा वेळही आटतो. म्हणून प्रत्येक इयत्तेतून किमान एक वार्ताहर घ्यावा आणि मुख्य संपादकाच्या जोडीला एक वर्ष लहान असा साहाय्यक संपादक नेमावा, म्हणजे पुढच्या वर्षीचे मंडळ आपोआप तयार होते. मजकूर, छायाचित्रे, मांडणी आणि मुद्रितशोधन (छपाईपूर्वीच्या नमुना प्रती, म्हणजे मुद्रिते, वाचून चुका सुधारणे) ही कामे वाटून द्यावीतच, पण नावांची नोंद ठेवण्याचे काम स्वतंत्रपणे एका काटेकोर व्यक्तीकडे द्यावे. हे काम दिसायला कोरडे आहे. माझ्या मते अंकाची गुणवत्ता सर्वांत जास्त त्यावरच अवलंबून असते, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या बैठकीत पानांची संख्या ठरवावी. ती मनाला येईल ती ठरवता येत नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर अनेक पाने एकदम छापून तो घडी घालून कापला जातो. अशा एका घडीला फर्मा म्हणतात आणि तो बहुधा ८ किंवा १६ पानांचा असतो. त्यामुळे ६४ पानांचा अंक सोळापानी चार फर्म्यांत नेमका बसतो, तर ६६ पानांच्या अंकासाठी दोन पानांपायी वेगळा कागद छापावा लागतो आणि खर्च उगाच वाढतो. पिन मारून बांधायच्या अंकाची पाने चारच्या पटीतच असावी लागतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांची आतील बाजूंसह चार पाने सहसा वेगळ्या जाड कागदावर छापली जातात आणि ती या हिशेबात धरत नाहीत.

समजा, शाळेत १५ तुकड्या मिळून सुमारे ६०० विद्यार्थी आहेत आणि आतील पाने ६४ ठरली आहेत. प्रत्येक तुकडीला एक याप्रमाणे १५ पाने वर्गांची, शीर्षकपान, अनुक्रमणिका, संपादकीय आणि मंडळाचा परिचय यांची ४, शिक्षक व कर्मचारी यांची ३, क्रीडा आणि निरनिराळी मंडळे यांची १२, विद्यार्थ्यांच्या लेखनाची ७, नामसूचीची ३ आणि उरलेली २० पाने वर्षातल्या दिवसांची, अशी विभागणी करता येईल. कोणत्या पानावर काय येणार हे एका लांब कागदावर चौकोन आखून लिहावे आणि तो कागद मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावावा. समोरासमोर येणारी दोन पाने एकत्र आखावीत, कारण वाचणाऱ्याला ती एकत्रच दिसतात. प्रत्येक जोडपानावर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मजकूर देण्याची तारीख लिहिलेली असली, की कुणाचे काम अडले आहे हे विचारावे लागत नाही.

तारखा मागून पुढे मोजाव्यात. अंक ज्या दिवशी हातात पडायला हवा तो दिवस आधी लिहावा. त्याच्या मागे छपाई आणि बांधणीसाठी छापखाना सांगेल तेवढे दिवस, त्याच्या मागे मुद्रिते तपासण्यासाठी किमान एक पूर्ण आठवडा, आणि त्याच्या मागे मांडणीचे आठवडे. असे मोजल्यावर शेवटचे महिना-दीड महिन्याचे कार्यक्रम अंकात येऊ शकत नाहीत हे लक्षात येते आणि अनेक मंडळे इथेच घुटमळतात. यावर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: अंक वर्ष संपल्यानंतर काढून निरोप घेतलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करणे, किंवा एक तारीख ठरवून त्यानंतरचे सर्व पुढील वर्षीच्या अंकाच्या पहिल्या दोन पानांवर घेणे. मला पहिला मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण निरोप समारंभाविना शेवटच्या इयत्तेचे वर्ष अपुरे राहते. पण पोहोचवण्याची व्यवस्था खात्रीची नसेल, तर दुसराच मार्ग धरावा.

नावांची वही

प्रत्येक तुकडीत एक कागद फिरवावा आणि आपले नाव अंकात जसे छापून यावे असे वाटते, तसे प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. हजेरीपटावरचे नाव नेहमीच बरोबर असते असे नाही. कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकलेले असते, कुठे आडनावाचा उच्चार आणि लेखन वेगळे असते, कुणी वडिलांच्या नावाऐवजी किंवा त्यासोबत आईचे नाव लावतो. हे कागद जपून ठेवावेत, कारण शेवटच्या मुद्रितापर्यंत शंका आली की हाच आधार असतो.

या कागदांवरून सर्व विद्यार्थ्यांची एक तालिका करावी. प्रत्येक नावासमोर तो किंवा ती अंकात कोणत्या पानावर, कशा स्वरूपात येते हे लिहीत जावे: वर्गाच्या छायाचित्रात, एखाद्या मंडळाच्या छायाचित्रात, मुलाखतीतील वाक्यात, स्वतःच्या लेखात. वर्गचित्राखेरीज प्रत्येकाची आणखी दोनदा तरी नोंद व्हावी असे ध्येय ठेवावे. हे ध्येय मोठे वाटते. पण प्रत्येक महिन्याच्या शेवटी तालिका पाहिली, तर ज्यांच्यासमोरच्या रांगा रिकाम्या आहेत ती नावे वेळेवर दिसतात आणि पुढच्या महिन्यात वार्ताहर मुद्दाम त्यांच्याकडे जाऊ शकतात.

तालिका वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसेल. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची नावे दहा-बारा वेळा येतात: वक्तृत्वातही तेच, नाटकातही तेच, क्रीडास्पर्धेतही तेच, आणि बहुधा संपादक मंडळातही तेच किंवा त्यांचे मित्र. यात कुणाचा दोष नसतो, पण अंक त्यांच्यापुरता राहणे हा मात्र मंडळाचा दोष ठरतो. एकाच व्यक्तीला ठळक छायाचित्र दोनपेक्षा जास्त वेळा मिळू नये, असा नियम करून तो संपादकांनाही लावावा. याउलट, ज्याच्याविषयी काय लिहावे हेच सुचत नाही, अशा विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारावे. वर्गातल्या सर्वांच्या सायकलींची साखळी कोण बसवून देतो, गणिताची पायरी अडली की मागच्या बाकावर कुणाकडे वही सरकवली जाते, शाळेत सर्वांत आधी येऊन खिडक्या कोण उघडतो, ही माहिती शिक्षकांकडेही नसते.

वर्षाच्या मध्यात आलेले आणि मध्येच शाळा सोडून गेलेले विद्यार्थीही तालिकेत असावेत. शिक्षकांबरोबर कार्यालयातील लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, सफाई कर्मचारी आणि पहारेकरी यांचीही पूर्ण नावे घ्यावीत. एका पानावर काहींचा उल्लेख नाव-आडनावासह आणि काहींचा नुसत्या पदाने, असे कदापि होऊ देऊ नये.

छायाचित्रे

अशा अंकांचे मूळ चेहऱ्यांत आहे. अमेरिकेतील येल महाविद्यालयात १८०६ साली पदवीधर झालेल्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या छायाकृतींचा, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या बाह्याकृतींचा, संग्रह हा या परंपरेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. कॅमेरा तेव्हा नव्हता, तरी सोबत्याचा चेहरा जवळ राहावा ही इच्छा होती. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तरीही अंकातले चेहरे ओळखू येत नाहीत, याची कारणे बहुतांशी तांत्रिक आहेत आणि ती टाळता येतात.

छापखान्यात छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापले जाते. चांगल्या गुळगुळीत कागदावर ही जाळी साधारणपणे एका इंचात १५० ओळींची असते आणि ती नीट उमटण्यासाठी मूळ चित्रात त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल असावेत, असा संकेत आहे. २१० × २९७ मिलिमीटरचे पूर्ण ए-४ पान भरायचे असेल, तर चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलांचे हवे. आजचे मोबाइल हे सहज देतात. पण तेच छायाचित्र व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते लहान होऊन पोहोचते. त्याची लांब बाजू १६०० पिक्सेल उरली, तर ते साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा मोठे छापता येत नाही, आणि पडद्यावर मात्र ते सुरेख दिसत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. म्हणून छायाचित्रे डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत किंवा सरळ केबलने संगणकावर उतरवून घ्यावीत. मोबाइलचा डिजिटल झूम वापरू नये. तो चित्र कापून मोठे करतो, नवा तपशील आणत नाही. जवळ जाऊन उभे राहावे.

सभागृहातील कार्यक्रमांची छायाचित्रे सर्वांत जास्त बिघडतात. मंचावरच्या हालचालीसाठी शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ, १/२५० सेकंद आणि मैदानावरच्या धावण्यासाठी १/५०० किंवा त्याहून वेगवान असावे. अंधाऱ्या सभागृहात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत वाढवावा लागतो आणि चित्रात थोडे कण दिसतात. कण चालतात, हललेला चेहरा चालत नाही. मोबाइलचा फ्लॅश काही मीटरच पोहोचतो, त्यामुळे मागच्या रांगेतून फ्लॅश उडवून समोर बसलेल्यांची डोकीच उजळतात. नाटकाच्या रंगीत तालमीला जाण्याची परवानगी घ्यावी, हा उपाय सर्वांत चांगला: तिथे मंचाच्या अगदी कडेला उभे राहता येते, एखादा क्षण पुन्हा करून मागता येतो, आणि पडद्यामागे रंगभूषा करणारे, दिवे सांभाळणारे, संवाद पुटपुटत फेऱ्या मारणारे सगळे सापडतात.

वर्गाचे सामुदायिक छायाचित्र भर दुपारच्या उन्हात काढू नये. डोळे मिटतात आणि भुवयांखाली काळ्या सावल्या पडतात; इमारतीच्या मोकळ्या सावलीत उजेड सारखा असतो. कुणा ना कुणाचे डोळे मिटणारच, म्हणून एकाच मांडणीचे पाच-सहा ठोके घ्यावेत. रांगा मोडण्यापूर्वी एकाने कागद घेऊन पुढच्या रांगेपासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्यावीत आणि अनुपस्थितांची नावे त्याच कागदाच्या तळाशी लिहावीत. दोन महिन्यांनी छायाचित्र पडद्यावर मोठे करून ‘हा कोण’ असे विचारत बसण्यात मंडळांचे दिवसच्या दिवस जातात, आणि तरीही एखादे नाव चुकतेच. सामुदायिक छायाचित्र कधीही दोन पानांवर पसरवू नये. मधल्या घडीत दोघा-तिघांचे चेहरे गडप होतात.

संगणकावर प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा फोल्डर करून त्याला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे प्रसंगाचे नाव द्यावे, म्हणजे सगळे फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते केव्हा काढले याची नोंद कॅमेरा स्वतः करून ठेवतो, परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असल्यास ती नोंदही चुकते. सर्व साहित्याच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी.

साधा दिवस

वर्षातला एक अगदी साधा दिवस निवडावा: ज्या दिवशी सण, स्पर्धा, परीक्षा किंवा पाहुणे यांपैकी काहीही नाही. त्या दिवशी दहा-बारा वार्ताहरांनी पहिल्या घंटेच्या आधीपासून फाटक बंद होईपर्यंतचा वेळ वाटून घ्यावा आणि आपापल्या अर्ध्या तासात जे दिसेल, ऐकू येईल ते लिहावे व टिपावे. फळ्यावर कोणता धडा होता, तास बदलताना जिन्यावर दोन वर्गांची गाठ पडली तेव्हा कोण थांबले, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात कोणता खेळ चालला होता आणि त्याचे नियम काय होते, ग्रंथालयात त्या दिवशी कोणती पुस्तके परत आली, हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात काय काय होते. घड्याळाची वेळ प्रत्येक नोंदीपुढे लिहावी. हे साहित्य चार ते सहा पानांवर वेळेच्या क्रमाने मांडले, की अंकातला सर्वाधिक वाचला जाणारा भाग तयार होतो, कारण सोहळा सर्वांना आठवतच असतो. विसरला जातो तो मंगळवारचा चौथा तास.

याच रीतीने महिन्याला एक लहानशी नोंद ठेवावी. त्या महिन्यात मुलांच्या तोंडी कोणता नवा शब्द आला, कोणता खेळ सुरू झाला आणि कोणता बंद पडला, कोणत्या घड्याळाची वेळ चुकीची होती, हे तेव्हा क्षुल्लक वाटते. छापताना त्यातले निम्मे गाळावे लागेल, तरी लिहिताना काही गाळू नये.

मजकूर

कार्यक्रमांचे वृत्तान्त हा वार्षिकांकांचा सर्वांत दुबळा भाग असतो. ‘कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला’, ‘मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले’, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ ही वाक्ये कोणत्याही वर्षाच्या, कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही कार्यक्रमाला चालतात, आणि म्हणून ती या कार्यक्रमाबद्दल काहीच सांगत नाहीत. वार्ताहराला एकच नियम द्यावा: जे वाक्य मागच्या वर्षीच्या अंकातही तसेच छापता आले असते, ते खोडावे.

उदाहरणार्थ, विज्ञान प्रदर्शनाचा वृत्तान्त घेऊ. ‘प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी विविध विषयांवर आकर्षक प्रतिकृती मांडल्या’ असे लिहिण्याऐवजी एका गटाजवळ तासभर उभे राहावे. आठवीतल्या तिघींनी पाणी गाळण्याची प्रतिकृती केली आहे. सकाळी त्यातून पाणी गढूळच येत होते, कारण वाळू धुतलेली नव्हती. त्यांनी मैदानाच्या नळावर वाळू पाच वेळा धुतली, कोळशाचा थर जाड केला, आणि परीक्षक आले तेव्हा पहिला निवळ थेंब पडत होता. एवढे लिहिले, की वाचणाऱ्याला प्रदर्शन दिसते आणि प्रयोगाचे शास्त्रही कळते. इतर गटांची नावे, विषय आणि निकाल शेजारी लहान टंकात यादीने द्यावेत. यादीलाही मोल आहे, पण तिला वृत्तान्ताची जागा देऊ नये.

मुलाखतीत ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येईल, असे प्रश्न टाळावेत. ‘संघात खेळताना मजा आली का’ या प्रश्नातून काही निघत नाही. ‘उपांत्य सामन्यात शेवटचा गडी बाद झाला तेव्हा तू कुठे उभा होतास आणि काय पाहिलेस’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. बोललेले वाक्य शक्यतो त्याच शब्दांत छापावे. छापण्याआधी ते बोलणाऱ्याला दाखवावे, आणि त्याने बदलायला सांगितले तर बदलावे. वर्तमानपत्रांत ही रीत नसते, पण इथे बोलणारा चौदा-पंधरा वर्षांचा असतो आणि ते वाक्य त्याच्या घरात अनेक वर्षे राहणार असते.

चित्राखालच्या ओळीत चित्रात दिसतेच ते पुन्हा सांगू नये. ‘खेळाडू धावताना’ हे कुणालाही दिसते. कोण, कोणत्या शर्यतीत, केव्हा, आणि त्या क्षणाच्या आधी किंवा नंतर काय झाले, हे लिहावे. विद्यार्थ्यांच्या कविता आणि कथा निवडताना लेखकाचे नाव झाकून वाचाव्यात. स्वतःचे लेखन आहे ना, हे प्रेमाने पण स्पष्टपणे विचारावे, आणि शंकास्पद ओळी इंटरनेटवर शोधून पाहाव्यात. पाहणी छापायची असल्यास किती जणांना विचारले हे सांगावे: ‘विचारलेल्या ८४ जणांपैकी ५१ जण’ असे लिहिले, की वाचणारा स्वतः ठरवतो.

काय छापू नये

छायाचित्र आणि नाव छापण्यासाठी पालकांची लेखी संमती शाळा उघडतानाच घ्यावी. छापील अंकासाठी आणि इंटरनेटवर ठेवायच्या प्रतीसाठी या संमती वेगवेगळ्या असाव्यात, कारण एका घरातले कपाट आणि सर्वांसाठी उघडी असलेली जागा यांत फार अंतर आहे. ज्यांनी नकार दिला आहे त्यांच्या नावासमोर तालिकेत खूण करावी आणि कारण विचारू नये. अशा विद्यार्थ्याला गाळून टाकण्यापेक्षा, तो तयार असेल तर त्याचे चित्र, हस्ताक्षर किंवा लेख घेता येतो.

घराचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि पूर्ण जन्मतारखा छापू नयेत. ‘वर्गातला सर्वांत आळशी’, ‘सर्वांत लाजरी’ अशा पदव्यांची पाने काढू नयेत. त्या क्षणी हसणारा विद्यार्थीही पुढे तो अंक लपवून ठेवतो. पडलेला, रडणारा, तोंड वाकडे झालेला चेहरा कितीही जिवंत वाटला, तरी त्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय घेऊ नये. चेहऱ्यावरचे डाग पुसणे किंवा वर्ण उजळ करणे हे संगणकावर सोपे झाले आहे आणि ते अजिबात करू नये.

एखाद्या वर्षी शाळेतला विद्यार्थी किंवा शिक्षक मरण पावतो. अशा वेळी मंडळाने स्वतः निर्णय न घेता मुख्याध्यापकांमार्फत कुटुंबाशी बोलावे, छायाचित्र त्यांच्या पसंतीचे घ्यावे, मृत्यूचे कारण लिहू नये, आणि त्या व्यक्तीच्या आवडी, कामे, सोबत्यांच्या आठवणी साध्या शब्दांत द्याव्यात. वर्गाच्या पानावर त्याचे नाव इतरांबरोबर क्रमानेच राहावे.

जुळणी, मुद्रिते आणि छपाई

मजकूर आरंभापासून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाणाऱ्या पद्धतीत, टंकलिखित करावा. निरनिराळ्या जुन्या फाँटांत आलेला मजकूर एकत्र करताना जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो आणि पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते. असे पान शंभर डोळ्यांखालून गेले तरी एखादी चूक राहतेच. छापखान्याला फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी आणि त्यांच्या संगणकावर ती उघडून जोडाक्षरे पाहावीत. संपूर्ण अंकात मजकुरासाठी एक आणि शीर्षकांसाठी एक असे दोनच टंक पुरेत.

पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून ठेवावे, नाहीतर कापताना किंचित फरक पडला की पांढरी रेघ दिसते. त्याच कारणाने मजकूर आणि चेहरे कडेपासून किमान १० मिलिमीटर आत असावेत, आणि बांधणीच्या बाजूला त्याहून जास्त. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे चार शाईंचे. झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत मंदावतो, म्हणून एका पानाचा रंगीत नमुना कागदावर पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नये. आतील पानांसाठी दर चौरस मीटरला ९० ते १३० ग्रॅम वजनाचा आणि मुखपृष्ठासाठी २५० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद सर्वसाधारणपणे वापरला जातो. पिनबांधणी साठ-सत्तर पानांपर्यंत ठीक असते. त्याहून जाड अंकाला चिकट किंवा शिवणबांधणी करावी, आणि परवडत असेल तर शिवणच घ्यावी, कारण पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या अंकाची पाने चिकट बांधणीतून सुटू लागतात.

मुद्रिते तीन वेळा आणि वेगवेगळ्या हेतूंनी वाचावीत. पहिल्या वाचनात अर्थ आणि शुद्धलेखन पाहावे. दुसऱ्या वाचनात केवळ नावे, आकडे आणि तारखा, त्याही दोघांनी मिळून: एकाने मुद्रितावरून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेल्या कागदांशी ताडायचे. तिसऱ्या वाचनात मथळे, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका आणि चित्रांखालच्या ओळी पाहाव्यात, कारण सर्वांत मोठ्या टंकातली चूक सर्वांत उशिरा दिसते. त्यानंतर प्रत्येक तुकडीच्या पानाची साधी प्रत त्या त्या वर्गात एक दिवस लावावी आणि आपले नाव तपासल्याची सही प्रत्येकाकडून घ्यावी. शेवटी नामसूची करावी. तीन स्तंभांत लहान टंकात ६०० नावे तीन पानांवर मावतात, आणि प्रत्येक नावापुढे पानांचे क्रमांक असले की अंक हातात आल्यावर विद्यार्थी प्रथम तेच पान उघडतात.

अंक वाटून झाल्यावर दोन प्रती ग्रंथालयात न देण्याजोग्या म्हणून ठेवाव्यात. त्यांपैकी एका प्रतीत पुढच्या आठवड्यांत लक्षात आलेल्या चुका समासात शाईने दुरुस्त करून खाली तारीख घालावी. मूळ छायाचित्रे, मांडणीच्या फाइली, अंतिम पीडीएफ, नावांची तालिका आणि छापखान्याशी झालेला पत्रव्यवहार एका डिस्कवर एकत्र करून साहाय्यक संपादकाकडे सुपूर्द करावा, आणि संमतिपत्रे मात्र शाळेच्या कार्यालयात जमा करावीत.